लोहाराची खपली आणि लव्हाझिएचा तराजू

पिंपळगाव रेणुकाईचे नाव घेतले की भोकरदन तालुक्यात आणि तालुक्याबाहेरही आधी मिरचीचा बाजार आठवतो. पण पेरणी तोंडावर आली की या भागातल्या गावांत आणखी एका जागी गर्दी असते, ती लोहाराच्या भात्यापाशी. वखराची पास, विळे, खुरपी लाल करून ठोकून घेतली जातात. तापलेल्या पासेवर घण बसला की काळ्या, पातळ खपल्या तडतडत ऐरणीभोवती पडतात. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये हेच दृश्य कितीतरी मोठे असते. भट्टीतून लालभडक निघालेले पोलाद रोलमधून जाताना त्याच्या अंगावरून खपली सुटत जाते. तिथे तिला मिल स्केल म्हणतात आणि ती वजनावर विकली जाते.

एक साधा प्रश्न. ही खपली ज्या लोखंडापासून झाली, त्या लोखंडापेक्षा ती हलकी की जड?

बहुतेकांच्या तोंडी उत्तर येते, हलकी. जळालेली वस्तू हलकी होते हा चुलीपुढचा रोजचा अनुभव आहे. मोळीभर लाकडाची राख होते ती ओंजळभर. पण खपलीच्या बाबतीत हे उत्तर चुकते. १०० ग्रॅम लोखंड पूर्णपणे खपलीत बदलले, तर खपली नेमकी कोणत्या प्रकारची आहे त्यानुसार तिचे वजन १२९ ते १४३ ग्रॅम भरते. जास्तीचे वजन हवेतून आलेले असते. लोखंडाने हवेतला ऑक्सिजन धरून ठेवलेला असतो. आज शाळेतली मुले हे परीक्षेत लिहितात. अडीचशे वर्षांपूर्वी मात्र युरोपातले नामवंत रसायनज्ञ ते मानायला तयार नव्हते. ज्याने त्यांना ते मानायला लावले, तो पेशाने कर गोळा करणारा होता आणि त्याच पेशापायी वयाच्या पन्नासाव्या वर्षी पॅरिसच्या भर चौकात त्याचे मुंडके उडवण्यात आले. त्याचे नाव आंत्वान लॉरां लव्हाझिए.

लव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घरची सुबत्ता. तो पाच वर्षांचा असताना आई गेली आणि आजी व मावशीने त्याला वाढवले. कॉलेज माझारँमध्ये गणित आणि विज्ञानाची गोडी लागली, तरी घराण्याच्या रिवाजाप्रमाणे तो कायदाच शिकला आणि १७६४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. वकिली मात्र त्याने कधी केली नाही. भूगर्भतज्ज्ञ गेतार यांच्याबरोबर तो खडक आणि खनिजे पाहत हिंडला, रुएल यांची रसायनशास्त्राची व्याख्याने त्याने ऐकली. पॅरिसचे रस्ते रात्री उजळण्यासाठी कोणते दिवे चांगले, यावर त्याने निबंध लिहिला आणि त्याला १७६६ मध्ये राजाकडून सुवर्णपदक मिळाले. १७६८ मध्ये, पंचविशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. फर्म जेनेराल नावाच्या संस्थेत त्याने पैसे गुंतवले. ही संस्था म्हणजे करवसुलीचे मक्तेदार. सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ भरायची आणि मग मीठ, तंबाखू, शहरात येणारा माल यांवरचा कर लोकांकडून वसूल करायचा; मधला फरक तो नफा. आपल्या भागाला हा प्रकार नवा नाही. सालारजंगाने मोडून काढेपर्यंत निजामाच्या राज्यात महसूल असाच मक्त्याने दिला जात असे, आणि मक्तेदाराची माणसे दारात आली की काय होते हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. फ्रान्समध्येही या मंडळींचा लोकांना मनस्वी तिटकारा होता. मिठावरचा कर तर सगळ्यांत जाचक.

लव्हाझिए या संस्थेत नावापुरता भागीदार नव्हता. तो गावोगाव तपासणीला जाई. तंबाखूत राखेची भेसळ होते का, हे ओळखण्याची रासायनिक युक्ती त्याने बसवली. जमा किती, खर्च किती, तूट कुठे, हे शोधण्यात त्याचा हात बसला. त्याच्या पुढच्या सगळ्या विज्ञानावर या सवयीचा ठसा आहे, असे मला वाटते. रसायनशास्त्रात तराजू त्याच्या आधीही होता. पण प्रयोगाआधी भांड्यात जे जे होते आणि प्रयोगानंतर जे जे उरले, त्या दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, जुळत नसतील तर कुठेतरी काहीतरी निसटले आहे, ही खतावणी लिहिणाऱ्याची शिस्त त्याने प्रयोगशाळेत आणली. वायूसुद्धा त्याने हिशेबातून सोडला नाही. पुढे फॉर्तां आणि मेनिए या कारागिरांकडून त्याने इतके नाजूक तराजू करवून घेतले की तसे त्या काळी युरोपात क्वचितच कुणाकडे असतील. पैसा करातून येत होता आणि तराजूवर जात होता.

१७७१ च्या डिसेंबरात त्याचे लग्न झाले. नवरी मारी-आन पोल्झ, त्याच संस्थेतल्या एका वरिष्ठ भागीदाराची मुलगी. ती अवघी तेरा वर्षांची होती, तो अठ्ठावीसचा. आजच्या नजरेने पाहता हे लग्न खटकतेच. पण या मुलीने पुढे जे केले त्याला तोड नाही. लव्हाझिएला इंग्रजी येत नव्हते. ती इंग्रजी शिकली आणि इंग्लंडमधले शोधनिबंध त्याला भाषांतर करून देऊ लागली. चित्रकार दाव्हीद यांच्याकडे ती चित्रकला शिकली आणि नवऱ्याच्या ग्रंथातल्या उपकरणांच्या आकृत्या तिनेच काढल्या. प्रयोग चालू असताना नोंदवहीही तीच लिहीत असे. दिनक्रम ठरलेला होता. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा विज्ञान, मधला सगळा वेळ सरकारी आणि कराचे काम, आणि आठवड्यातला एक संपूर्ण दिवस फक्त प्रयोगशाळा.

आता त्या जळण्याच्या प्रश्नाकडे. त्या काळची सर्वमान्य समजूत अशी की जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचे एक तत्त्व असते आणि वस्तू जळते तेव्हा ते बाहेर पडते. लाकूड जळून हलके होते ते त्यामुळेच. धातू तापवला की त्याची भुकटी किंवा खपली होते, तेही फ्लॉजिस्टन गेल्यामुळे. ही समजूत अगदी खुळी नव्हती. तिने पुष्कळ गोष्टींची संगती लागत होती. अडचण एकच होती. धातू तापवल्यावर त्याचे वजन वाढते. काही तरी बाहेर गेले असेल तर वजन वाढेल कसे? काहींनी तर फ्लॉजिस्टनला उणे वजन असते असे म्हणून वेळ मारून नेली.

वजन हवेतून येत असावे हे फ्रान्समधल्याच झाँ रे नावाच्या वैद्याने १६३० मध्ये सुचवले होते, पण त्याकडे कुणी लक्ष दिले नाही. पुढे रॉबर्ट बॉइलसारख्या थोर माणसाने बंद काचपात्रात धातू तापवला, पात्र उघडले, मग वजन केले आणि वजन वाढलेले पाहून निष्कर्ष काढला की अग्नीचे कण काचेतून आत शिरले. प्रयोग चांगला होता, फक्त वजन करायची वेळ चुकली.

लव्हाझिएने १७७२ मध्ये गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले. दोन्हींचे वजन वाढले. १ नोव्हेंबर १७७२ रोजी त्याने हे एका पाकिटात लिहून, मोहोर करून अकादमीच्या चिटणिसाकडे ठेवून दिले, म्हणजे पुढे कुणी आधी शोधल्याचा दावा केला तर पुरावा हाताशी असावा. मग १७७४ मध्ये त्याने कथील घेतले. जुन्या कल्हईवाल्यांना हा धातू चांगला ठाऊक. पितळी भांड्याला कल्हई करताना वितळलेल्या कथलावर हवेने करडी साय धरते, तीच ही भुकटी. लव्हाझिएने कथील काचेच्या चंबूत घातले, चंबू आधी थोडा तापवून आतली काही हवा जाऊ दिली, म्हणजे पुढे तो फुटू नये, आणि मग त्याची नळी वितळवून बंद केली. बंद चंबूचे वजन केले. चंबू तापवला. कथलावर भुकटी आली आणि काही वेळाने यायची थांबली, कितीही तापवले तरी. चंबू थंड झाल्यावर, न उघडता, पुन्हा वजन केले. काहीच फरक नाही. म्हणजे काचेतून अग्नीचा एक कणही आत आला नव्हता. मग त्याने चंबूचे तोंड फोडले. हवा सू करीत आत गेली आणि वजन वाढले. आतले कथील आणि भुकटी वेगळी काढून तोलली तेव्हा कथलाच्या वजनात जितकी भर पडली होती, जवळजवळ तितकीच ती आत शिरलेली हवा होती. बॉइलच्या प्रयोगात आणि या प्रयोगात फरक एवढाच की इथे उघडण्याआधी एकदा तोलले गेले.

भुकटी यायची थांबली याचा अर्थ असा की चंबूतली सगळी हवा कामाची नव्हती, तिचा एक भागच धातूला चिकटत होता. तो भाग कोणता, हे मात्र त्याला अजून उमगले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडचा जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आला. लव्हाझिएच्या घरी जेवताना त्याने सांगितले की पाऱ्याची तांबडी भुकटी भिंगाने तापवली तेव्हा एक हवा निघाली आणि तिच्यात मेणबत्ती अतिशय जोमाने जळते. स्वीडनच्या शेले या औषधविक्याला हीच हवा त्याआधी सापडली होती आणि त्यानेही लव्हाझिएला पत्र लिहिले होते. लव्हाझिएने पुढे स्वतःचे काम प्रसिद्ध केले तेव्हा या दोघांचे ऋण मोकळेपणाने मानले नाही. हा डाग त्याच्यावर आहे आणि तो पुसायचे कारण नाही.

पण त्या हवेचे काय करायचे हे कळले ते त्यालाच. त्याने चार औंस पारा वाकड्या नळीच्या चंबूत घातला, चंबूची नळी पाऱ्यावर उपड्या ठेवलेल्या हंडीत सोडली आणि भट्टी पेटवली. ती बारा दिवस सलग चालू ठेवली. (पाऱ्याची वाफ विषारी असते. हा प्रयोग कुणी घरी करू नये, आणि त्याने तो कसा निभावला याचे नवल वाटते.) पाऱ्यावर तांबडे कण आले. सुरुवातीला ५० घन इंच असलेली हवा ४२-४३ घन इंच राहिली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझत होती, उंदीर गुदमरत होता. मग त्याने ते तांबडे कण, वजनाने ४५ ग्रेन, वेगळे तापवले. साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि ७-८ घन इंच हवा परत मिळाली. जी गेली होती तीच परत आली. ती उरलेल्या हवेत मिसळली तेव्हा पुन्हा साधी हवा तयार झाली. खतावणीच्या दोन्ही बाजू जुळल्या आणि फ्लॉजिस्टनची गरजच संपली.

या हवेला त्याने ऑक्सिजन हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ आम्ल निर्माण करणारा, कारण सर्व आम्लांत हा वायू असतो असे त्याला वाटत होते. ते चूक ठरले. मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा अंशही नसतो. आपला मराठी प्राणवायू हा शब्द त्या मानाने जास्त खरा आहे.

धातू तोलायचा, हवेत तापवायचा, पुन्हा तोलायचा. हा प्रयोग आजही संपलेला नाही. भारतातल्या आणि जगभरच्या धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो रोज चालतो. फक्त आता भट्टीच्या आत, तराजूला टांगलेल्या नखाएवढ्या तुकड्याचे वजन तास न्‌ तास आपोआप नोंदले जाते, आणि तुकडा असतो निकेलच्या मिश्रधातूचा.

निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाची ओळख आपल्या घरातच आहे. पाण्याच्या गीझरमध्ये, इस्त्रीत, हीटरमध्ये जी तार असते ती नायक्रोम. लाल होऊनही ती वर्षानुवर्षे टिकते, कारण तिच्यातला क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन अंगावर एक पातळ, घट्ट थर तयार करतो आणि तो थर पुढच्या ऑक्सिजनला अडवतो. लोहाराच्या खपलीसारखा तो सुटून पडत नाही. थर जसा जाड होतो तशी त्याची वाढ मंदावते. दुप्पट जाडी व्हायला चौपट वेळ लागतो. विमानाच्या जेट इंजिनातली पाती याच जातीच्या, पण अधिक गुंतागुंतीच्या मिश्रधातूंची असतात. काहींत क्रोमियमऐवजी ॲल्युमिनियमचा थर हे राखणीचे काम करतो.

गेल्या काही वर्षांत असे भाग ओतण्याऐवजी किंवा ठोकून घडवण्याऐवजी छापले जाऊ लागले आहेत. धातूची मैद्यासारखी बारीक पूड पसरायची, लेझरने हवी तिथे वितळवायची, त्यावर पुन्हा पूड पसरायची. एकेक थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. याला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन असे छापून मे २०२४ मध्ये ६६५ सेकंद चालवून पाहिले. १४ भागांच्या जागी एकच भाग आला, १९ जोड वाचले आणि एका इंजिनाला ५६५ किलो धातू लागत असे तिथे १३.७ किलो पूड पुरली.

प्रश्न असा की छापलेला निकेलचा मिश्रधातू तापल्यावर ओतलेल्यासारखाच वागतो का. लेझरखाली वितळलेला ठिपका क्षणार्धात गोठतो. इन्कोनेल ७१८ या फार वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत निओबियम असतो. तो या घाईत सारखा पसरत नाही, कणांच्या फटीत साचतो. धातूचे कणही बारीक राहतात आणि छापण्याच्या दिशेने उभट वाढतात. बारीक कणांच्या कडा म्हणजे क्रोमियमला पृष्ठभागावर यायला पायवाटा. त्यामुळे राखण करणारा थर कधी लवकर धरतो, हा फायदा. पण छापलेला पृष्ठभाग खरबरीत असतो, अर्धवट वितळलेले पुडीचे दाणे त्याला चिकटलेले असतात, आत बारीक छिद्रे असू शकतात. हवेला भिडणारे क्षेत्रफळ मोजपट्टीने दिसते त्याहून बरेच जास्त असते. वजनवाढ प्रत्येक चौरस सेंटिमीटरला किती, असा हिशेब मांडला की धातू आहे त्यापेक्षा वाईट दिसतो, कारण भागायला घेतलेला आकडाच लहान असतो. म्हणून छापलेला धातू चांगला की वाईट यावर निरनिराळ्या प्रयोगशाळांची उत्तरे जुळत नाहीत. घासून गुळगुळीत केला होता का, छापल्यावर भट्टीत तापवून कण सारखे केले होते का, तुकडा उभा कापला की आडवा, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यांना फारसा अर्थ नाही.

शिवाय तराजूही फसवू शकतो. सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या वर क्रोमियमचा थर ऑक्सिजनशी पुन्हा जुळून वाफ होऊन उडू लागतो. मग एकीकडे वजन वाढते आणि दुसरीकडे घटते, आणि तराजूचा काटा जागच्या जागी राहतो. पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडले नाही. धातू तापवून गार, पुन्हा तापवून गार करत राहिले तर थर तडकून गळतो. तेव्हा तुकडा कुपीत ठेवून गळालेली खपलीही त्याच्याबरोबर तोलावी लागते. भांड्याबाहेर काय निसटले हे विचारायची लव्हाझिएची खोड इथे अजून उपयोगी पडते.

त्याची स्वतःची नजर मात्र धातूवरच थांबली नाही. धातू आणि मेणबत्ती हवेतला जो भाग वापरतात तोच भाग उंदीरही वापरतो, हे त्याने पाहिले होते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात गणिती लाप्लास यांच्याबरोबर त्याने बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते मोजले. मग त्या प्राण्याने जितका कर्बवायू सोडला तितकाच कोळसा जाळून सोडला तर किती बर्फ वितळते तेही मोजले. दोन्ही आकडे जवळपास आले. श्वास घेणे म्हणजे मंद गतीने जळणे, आणि अंगाची ऊब ही त्या जळण्याची ऊब, हा निष्कर्ष इथून निघाला.

पुढे १७९० च्या सुमारास त्याने सेगँ या तरुण सहकाऱ्यालाच प्रयोगाला बसवले. तोंडावर मुखवटा, त्यातून आत-बाहेर जाणारी हवा मोजायची. उपाशी असताना, जेवल्यावर, थंडीत, पायाने पट्टी दाबत श्रम करताना. मारी-आनने काढलेल्या चित्रात सेगँ मुखवटा लावून बसला आहे आणि ती स्वतः बाजूच्या टेबलाशी नोंदी घेते आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला जितका ऑक्सिजन लागतो त्याच्या जवळजवळ चौपट जेवणानंतर श्रम करणाऱ्याला लागतो, असे त्यांना आढळले. (आजच्या मापाने स्वस्थ बसलेल्या प्रौढाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो.) हे जळणे फुप्फुसातच होते असे त्याने मानले, ते चूक होते. ते शरीरभर पेशीपेशीत होते आणि ते समजायला पुढे बराच काळ जावा लागला. पण या निबंधात त्याने एक गोष्ट लिहून ठेवली ती कर गोळा करणाऱ्या श्रीमंताकडून येणे विशेष आहे. अंगमेहनत करणारा गरीब जास्त जळतो म्हणून त्याला जास्त अन्न हवे, आणि समाजात नेमके उलटे आहे, जो बसून असतो त्याच्याच ताटात जास्त पडते. शेतमजुराच्या थाळीचा उष्मांकात हिशेब मांडणारे आजचे पोषणशास्त्र याच वाटेने आले आहे.

या माणसाला एका बाजूला उभे करणे अवघड आहे. तो सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यांचा कारभारी होता आणि सोरा जास्त व चांगला कसा मिळेल हे त्याने पाहिले. पॅरिसच्या तुरुंगांची घाण, कोंदटपणा आणि ओतेल-द्यू इस्पितळात एकेका खाटेवर कोंबलेले रोगी यांची चौकशी करणाऱ्या अकादमीच्या समित्यांत तो होता. फ्रेशीन या गावी त्याची शेती होती. तिथे तो पीक आणि जनावरांचे आकडे वर्षानुवर्षे लिहीत राहिला, आणि १७८८ च्या टंचाईत ब्लुआ शहराला धान्यासाठी त्याने बिनव्याजी पैसे दिले. पण पॅरिसमध्ये चोरून माल येऊ नये, कर बुडू नये म्हणून शहराभोवती भिंत बांधावी, ही सूचनाही त्याचीच. ती भिंत उभी राहिली आणि लोक म्हणू लागले की तिने शहराची हवा कोंडली. हवेचा अभ्यास करणाऱ्यावर हाच आरोप आला.

१७८९ मध्ये त्याचा रसायनशास्त्राचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी होती. प्रकाश आणि उष्णता यांनाही त्याने मूलद्रव्यांत घातले होते, तेवढे सोडले तर बरीचशी यादी आजही टिकते. त्याच वर्षी क्रांती झाली. त्याला क्रांती नको होती असे नाही. वजनमापांची नवी दशमान पद्धत बसवण्याच्या कामात तो उत्साहाने होता. पण मारा या जहाल पुढाऱ्याच्या अग्नीविषयीच्या लेखनाला त्याने अकादमीची मान्यता नाही असे पूर्वी जाहीर केले होते आणि माराने ते विसरायचे नाही असे ठरवले होते. भिंत, तंबाखूवर मारलेले पाणी, लोकांच्या घामाचा पैसा, सगळे त्याने छापून काढले. मारा १७९३ च्या जुलैत मारला गेला, अकादमी ऑगस्टमध्ये बरखास्त झाली आणि नोव्हेंबरात सगळ्या कर-मक्तेदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लव्हाझिए काही दिवस लपला, मग सासऱ्याबरोबर स्वतःहून हजर झाला.

कैदेतल्या मक्तेदारांना हिशेब पुरे करून द्यायला सांगण्यात आले. त्यांना त्यांच्याच जुन्या कचेरीच्या इमारतीत आणून कोंडले, तिथे बसून त्यांनी जमाखर्च लिहिला. लव्हाझिए तो लिहीत होता आणि उरल्या वेळात आपले निबंध ग्रंथरूपाने लावत होता. हिशेबाने त्यांचा जीव वाचला नाही. ८ मे १७९४ रोजी खटला उभा राहिला आणि त्याच दिवशी निकाल, त्याच दिवशी शिक्षा. २८ जणांना क्रांती चौकात नेले. लव्हाझिएच्या आधी त्याच्या डोळ्यांसमोर सासऱ्याचे मुंडके उडाले, मग त्याचे. प्रेते एका सार्वजनिक खड्ड्यात टाकली. प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाही असे न्यायाधीश बोलला, ही कथा फार प्रसिद्ध आहे, पण त्या काळच्या नोंदींत तिला आधार नाही. मुंडके उडाल्यावरही तो पापण्या मिटत राहिला, ही समाजमाध्यमांवर फिरणारी गोष्टही तशीच बनावट. त्याला मारले ते शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, मक्तेदार म्हणून. आणि मक्तेदारीबद्दल लोकांचा राग खोटा नव्हता, हेही तितकेच खरे.

मारी-आन तेव्हा छत्तीस वर्षांची होती. एका दुपारी नवरा आणि बाप दोन्ही गेले. घर, पुस्तके, उपकरणे जप्त झाली, तिलाही काही काळ तुरुंगात ठेवले. दिवस पालटले तेव्हा जप्त माल तिला परत मिळाला. नवऱ्याने तुरुंगात लावून ठेवलेले निबंध तिने छापून घेतले आणि १८०५ मध्ये विकायला न ठेवता जाणकारांना वाटले. त्याच वर्षी तिने काउंट रमफर्ड यांच्याशी लग्न केले. तोफेची नळी कोरताना निघणारी उष्णता मोजून, उष्णता हे द्रव्य नाही असे दाखवणारा माणूस तो हाच, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या ३३ च्या यादीतले एक नाव दुसऱ्याने खोडले. हे लग्न चार वर्षांत मोडले. लव्हाझिए हे नाव तिने दुसऱ्या लग्नातही सोडले नव्हते. ती १८३६ मध्ये वारली. तिने जपलेल्या त्या प्रयोगशाळेतले तराजू, चंबू आणि वायू मोजायची यंत्रे पॅरिसच्या आर ए मेतिए संग्रहालयात आज पाहायला मिळतात.